तुरुंगाची किल्ली

अमेरिकेचे संविधान अमलात येऊन सहा-सात महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. नव्या केंद्र सरकारने न्यायालये स्थापली, मार्शल नेमले, पण पकडलेल्या माणसांना ठेवायला त्याच्याकडे तुरुंग नव्हते. तुरुंग होते ते राज्यांचे. म्हणून सप्टेंबर १७८९ मध्ये काँग्रेसने एक ठराव केला. ठरावात हुकूम नव्हता, विनंती होती: राज्यांनी आपल्या तुरुंगांत केंद्राचे कैदी ठेवून घ्यावेत, केंद्र दर कैद्यामागे दरमहा ५० सेंट भाडे देईल. जॉर्जियाने ही विनंती मानली नाही. काँग्रेसने जॉर्जियावर फौज धाडली नाही की खटलाही भरला नाही. १७९१ मध्ये तिने एवढीच तरतूद केली, की जे राज्य तुरुंग देणार नाही तिथे मार्शलने तात्पुरती जागा भाड्याने घ्यावी.

अमेरिकेतील स्थलांतराच्या आजच्या भांडणाचा धागा शोधत मागे गेलो, की हात या किल्लीपाशी येऊन थांबतो. देशात कोणी यावे, कोणी राहावे, कोणाला परत पाठवावे हे ठरवण्याचा अधिकार केंद्राचा, याबद्दल आता तिथे फारसा वाद नाही. पण त्या माणसाला रस्त्यात अडवणारा पोलीस गावचा असतो, त्याला डांबणारा तुरुंग काउंटीचा असतो आणि त्या तुरुंगाची किल्ली ज्याच्या कमरेला असते तो शेरीफ स्थानिक मतदारांनी निवडून दिलेला असतो. केंद्राने 'याला धरून ठेव' म्हटले आणि शेरीफ 'नाही' म्हणाला, तर काय होते?

मी वकील नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून वीसेक वर्षे जुनी निकालपत्रे वाचत आलो आहे. या विषयाकडे मला वळवले ते एका नावाने: सखाराम गणेश पंडित. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात वकिली करणारा या नावाचा माणूस अमेरिकन सरकारशी स्वतःच्या नागरिकत्वासाठी लढला आणि जिंकला. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी मात्र गुलामगिरीच्या काळातून जावे लागते.

मार्गारेट मॉर्गन

मेरीलँड हे गुलामगिरीचे राज्य आणि त्याला लागून उत्तरेला पेनसिल्व्हेनिया, जिथे गुलामगिरी कायद्याने संपत आलेली. मार्गारेट मॉर्गन या कृष्णवर्णीय स्त्रीच्या आईवडिलांना त्यांच्या मालकाने जवळजवळ मोकळे सोडले होते, पण मुक्ततेचा कागद केला नव्हता. मार्गारेटने एका स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी लग्न केले आणि १८३२ मध्ये हे कुटुंब पेनसिल्व्हेनियात राहायला गेले. पुढे मालकाच्या वारसाने तिच्यावर हक्क सांगितला. १८३७ मध्ये एडवर्ड प्रिग आणि त्याचे साथीदार तिला न्यायला आले.

पळून आलेल्या गुलामाला मालकाच्या हवाली करावे, असे कलम अमेरिकेच्या संविधानातच होते आणि १७९३ चा केंद्रीय कायदाही होता. पण पेनसिल्व्हेनियाने १८२६ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. स्वतंत्र माणसांनाच गुलाम म्हणून पळवून नेण्याचे प्रकार सीमेवर होत असत, म्हणून न्यायाधीशाकडून रीतसर दाखला घेतल्याशिवाय कोणालाही राज्याबाहेर नेता येणार नाही, असे त्यात होते. प्रिगने मार्गारेटला स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले. त्याने प्रकरणात पुढे पडण्यास नकार दिला. तेव्हा प्रिगने दाखल्याविनाच तिला आणि तिच्या मुलांना मेरीलँडला नेले. मुलांपैकी एक तर पेनसिल्व्हेनियातच जन्मलेले होते.

प्रिगवर अपहरणाचा खटला झाला, शिक्षा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८४२ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल लिहिला. पेनसिल्व्हेनियाचा कायदा रद्द, प्रिगची शिक्षा रद्द. हा विषय केंद्राचा आहे, राज्याने त्यात आडकाठी घालू नये. खटला प्रिगच्या शिक्षेचा होता, मार्गारेटच्या सुटकेचा नव्हता. तिच्या पदरात काहीच पडले नाही.

पण त्याच निकालात स्टोरींनी आणखी एक गोष्ट सांगितली. हे काम केंद्राचे असेल, तर ते पार पाडण्याची जबाबदारीही केंद्राचीच. राज्याच्या अधिकाऱ्यांना ते करायला भाग पाडता येणार नाही. सरन्यायाधीश टॅनी स्वतः मेरीलँडचे. यातून कोणते दार उघडते आहे, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या वेगळ्या मतपत्रात या मुद्द्याला विरोध केला.

त्यांची भीती खरी ठरली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये जॉर्ज लॅटिमर या पळून आलेल्या माणसाला स्थानिक तुरुंगात ठेवले गेले. गोऱ्या-काळ्या नागरिकांनी गहजब केला. आमच्या कराच्या पैशाने बांधलेला तुरुंग गुलामांच्या मालकासाठी का, असा त्यांचा सवाल होता. ४०० डॉलर देऊन लॅटिमरची सुटका विकत घेण्यात आली. पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. साठ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज विधिमंडळापुढे गेला आणि १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला, की राज्याचा कोणताही अधिकारी पळालेल्या गुलामाला पकडण्याच्या कामात मदत करणार नाही आणि राज्याचा तुरुंग त्यासाठी वापरला जाणार नाही. १८४७ मध्ये पेनसिल्व्हेनियानेही तसेच केले. जॉर्जियाने १७८९ नंतर जे केले होते, तेच आता उत्तरेची राज्ये करत होती.

केंद्राने यावर दुसरा उपाय काढला. १८५० च्या कायद्याने केंद्राचे स्वतःचे आयुक्त नेमले गेले. माणूस मालकाच्या हवाली करण्याचा दाखला दिला तर आयुक्ताला १० डॉलर, नाही दिला तर ५ डॉलर. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स याला बोस्टनमधून परत नेताना रस्त्यावर सैन्य उभे करावे लागले. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तर एक पाऊल पुढे टाकून केंद्राच्या कैदेतल्या माणसाला सोडून द्यायचा आदेश दिला. १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अशी रेघ आखली गेली: राज्य हात आखडता घेऊ शकते, पण केंद्राचा हात धरू शकत नाही.

डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले. फुटण्याची कारणे सांगणारे जे जाहीर निवेदन त्याने काढले, त्यात उत्तरेच्या राज्यांच्या या कायद्यांबद्दल मोठी तक्रार आहे. राज्यांच्या हक्कांचा झेंडा घेऊन निघालेल्या राज्याची तक्रार अशी होती, की दुसरी राज्ये आपले हक्क फारच वापरतात.

बंदरावरचा दरवाजा

परदेशातून येणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम या सगळ्या काळात प्रत्यक्षात राज्येच करत होती. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स बंदरात उतरणाऱ्या प्रवाशांमागे जहाजमालकांकडून पैसे घेत. कॅलिफोर्नियाचा रोख चिनी लोकांवर होता. ऑगस्ट १८७४ मध्ये 'जपान' नावाची आगबोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. राज्याच्या स्थलांतर आयुक्ताने बोटीवर जाऊन २२ चिनी स्त्रिया बाजूला काढल्या आणि त्या बदफैली असल्याचे ठरवले. पुरावा काय, तर त्याची नजर. प्रत्येकीमागे ५०० डॉलर सोन्याच्या हमीवर उतरू देऊ, नाहीतर परत न्या, असे त्याने कप्तानाला सांगितले.

या स्त्रियांपैकी एकीच्या नावाने, चाय लंगच्या नावाने, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ मध्ये ती जिंकली. न्यायमूर्ती मिलर यांचा युक्तिवाद साधा होता. चीनचे सरकार या वागणुकीबद्दल भांडायला आले, तर ते कॅलिफोर्नियाशी भांडणार नाही, अमेरिकेशी भांडेल. मग एका बंदरावरच्या एका अधिकाऱ्याच्या हातात सगळ्या देशाला अडचणीत आणण्याची ताकद कशी ठेवायची? त्याच दिवशी न्यूयॉर्कचा प्रवासी-कायदाही रद्द झाला.

दरवाजा आता केंद्राच्या हाती आला. पण चिनी लोकांना त्याचा फायदा किती झाला? १८७५ मध्येच केंद्राने पेज कायदा करून चिनी स्त्रियांच्या येण्यावर तशाच संशयाने बंधने घातली होती. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परक्यांना बाहेर ठेवण्याच्या केंद्राच्या अधिकारात न्यायालय सहसा हात घालणार नाही. कॅलिफोर्नियाला जे स्वतःच्या कायद्याने करता आले नाही, ते तिने वॉशिंग्टनकडून करवून घेतले.

गंमत अशी, की दरवाजा हाती आला तरी दारावर उभे राहायला केंद्राकडे माणसे नव्हती. १८८२ च्याच दुसऱ्या एका कायद्याने दर परदेशी प्रवाशामागे ५० सेंट कर बसवला आणि तपासणीचे काम राज्यांच्याच मंडळांना करार करून दिले. १८९१ मध्ये केंद्राने ते स्वतःकडे घेतले आणि १ जानेवारी १८९२ ला एलिस बेट सुरू झाले.

पंडितांचा खटला

आता सखाराम गणेश पंडित. १७९० पासून नागरिकत्व देण्याचा नियम केंद्राचा, पण ते प्रत्यक्ष देण्याचे काम राज्यांची न्यायालयेही करत. केंद्राचा नियम म्हणे 'स्वतंत्र गोरा मनुष्य'. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीय माणूस गोरा की नाही, हे एकेका न्यायाधीशाच्या समजुतीवर होते. पंडितांना १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले. पुढे त्यांना वकिलीची सनद मिळाली, एका अमेरिकन स्त्रीशी त्यांनी विवाह केला, घर केले.

दरम्यान कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये जमिनीचा कायदा केला आणि १९२० मध्ये तो कडक केला. तो लिहिणाऱ्यांनी हुशारी अशी केली, की कोणत्याही वंशाचे नाव घेतले नाही. 'नागरिकत्वास अपात्र परदेशी' शेतजमीन घेऊ शकणार नाहीत, एवढेच म्हटले. रोख जपान्यांवर होता. पण अपात्र कोण, हे केंद्राचा कायदा ठरवणार होता. केंद्राने लावलेली चिठ्ठी राज्याने उचलली आणि सातबाऱ्यावर चिकटवली, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

१९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस गोरा नाही, असा निकाल दिला. थिंड यांच्या वकिलांत पंडितांचेही नाव होते. एका निकालाने दोन कुऱ्हाडी पडल्या. केंद्राने आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांविरुद्ध ते काढून घेण्याचे खटले सुरू केले. आणि भारतीय आता 'अपात्र' ठरल्यामुळे कॅलिफोर्नियाचा जमिनीचा कायदा त्यांना लागू झाला. इंपीरियल खोऱ्यातल्या पंजाबी शेतकऱ्यांनी जमीन ओळखीच्या माणसांच्या नावावर किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर ठेवून दिवस काढले. नागरिकत्व काढून घेतलेल्या वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली.

पंडितांवरही खटला आला. त्यांनी वंशाच्या वादात पुन्हा शिरायचे टाळले. एका सक्षम न्यायालयाने १९१४ मध्ये मला नागरिकत्व दिले. सरकारला तेव्हा अपील करता आले असते, ते केले नाही. त्या निकालावर विसंबून मी वकिली केली, लग्न केले, मालमत्ता घेतली. माझे नागरिकत्व गेले तर पत्नीचेही जाईल आणि घरही जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला: एकदा अंतिम झालेला निवाडा सरकारला पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला आणि उरलेल्या भारतीयांवरचे तसे खटले सरकारने सोडून दिले. भारतीयांना नागरिकत्वाची पात्रता मिळायला मात्र १९४६ उजाडले आणि कॅलिफोर्नियाचा जमिनीचा कायदा १९५२ मध्ये तिथल्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

पंडितांचे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की राज्याला माणूस देशाबाहेर काढता येत नसला, तरी त्याचे तिथले जगणे अशक्य करता येते, हे त्यात दिसते. जमीन, शाळा, परवाना, धंदा हे सगळे राज्याच्या हाती असते. केंद्राचा शिक्का कागदावर असतो. तो पोटाला कुठे लागतो, हे राज्य ठरवते.

वेठबिगार नको

स्टोरींचे १८४२ चे वाक्य नंतर बराच काळ बाजूला पडले होते. त्याला पुन्हा जीव आला तो भलत्याच विषयातून. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचे काम तात्पुरते स्थानिक शेरीफांवर टाकले. माँटानाचा शेरीफ जे प्रिंट्झ न्यायालयात गेला. १९९७ मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी त्याच्या बाजूने निकाल लिहिला: केंद्राला आपला कायदा राबवण्यासाठी राज्याच्या अधिकाऱ्यांना वेठीस धरता येणार नाही. जॉर्जियाने तुरुंग नाकारल्याची कथा याच निकालपत्रात मला पहिल्यांदा भेटली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पुराणमतवादी, जिंकलेले लोक बंदुकीच्या हक्काचे पाठीराखे. आज त्याच निकालाचा आधार कॅलिफोर्निया घेते, स्थलांतरितांना वाचवण्यासाठी.

१९९६ च्या केंद्रीय कायद्यात २८७(जी) नावाचे कलम आले. त्याखाली राज्य किंवा काउंटी केंद्राशी करार करून आपल्या पोलिसांना स्थलांतर कायद्याचे काम देऊ शकते. करार म्हटल्यावर तो दोघांच्या मर्जीचा. पहिला करार २००२ मध्ये फ्लोरिडाने केला. दुसरे हत्यार म्हणजे 'डिटेनर'. काउंटीच्या तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला आणखी ४८ तास धरून ठेवा, आम्ही न्यायला येतो, असा केंद्राचा कागद. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लीहाय काउंटीत जामीन भरूनही एका माणसाला अशा कागदावर आठवड्याच्या शेवटी कोठडीत ठेवले गेले. तो न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक निघाला. त्याने दावा लावला, तेव्हा काउंटी म्हणाली, आम्ही केंद्राचा हुकूम पाळला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की तो हुकूम नव्हताच, विनंती होती. विनंती मानलीत ती तुमच्या जबाबदारीवर. दाखल्याशिवाय माणूस नेऊ नये, म्हणून १८२६ मध्ये कायदा करणारे राज्य तेच, पेनसिल्व्हेनिया.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये स्वतःच स्थलांतराचे गुन्हे ठरवणारा कायदा केला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादातल्या चारपैकी तीन कलमे रद्द केली. पोलिसांनी अडवलेल्या माणसाची कागदपत्रे तपासण्याचे कलम तेवढे राहिले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून स्थानिक पोलिसांच्या मदतीवर मर्यादा घातल्या, गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांसाठी मात्र अपवाद ठेवले. केंद्राने आव्हान दिले. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा टिकवला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात पडण्यास नकार दिला. त्याच २०१७ मध्ये टेक्सासने नेमका उलटा कायदा केला: जो शेरीफ डिटेनर मानणार नाही त्याला दंड होईल, पदही जाईल. तोही बहुतांशी टिकला. कारण केंद्राला राज्याला राबवता येत नाही, पण राज्याला आपल्या काउंटीला राबवता येते. काउंटी हे राज्याचेच अपत्य.

आपल्याकडे आणि त्यांच्याकडे

भारतीय वाचकाला हे सगळे चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. पोलीस आपल्याकडेही राज्याचा विषय. पण आपल्या संविधानाच्या २५६ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याने संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीने कारभार करायचा असतो आणि केंद्र तसे निर्देश देऊ शकते. २५८ व्या अनुच्छेदाखाली केंद्राने १९५८ मध्येच परदेशी नागरिकांना बाहेर काढण्याचे काम राज्यांकडे सोपवले. तरीही प्रश्न सुटत नाहीच. जुलै १९९८ मध्ये महाराष्ट्राचे पोलीस, बांगलादेशी ठरवलेल्या काही लोकांना मुंबईहून रेल्वेने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवली. हे बंगाली बोलणारे भारतीयच आहेत, असे तिथल्या राजकारण्यांचे म्हणणे होते. कायदा एकच होता. कोण परका आणि कोण आपला, यावर दोन राज्यांचे मत एक नव्हते.

या इतिहासातून 'राज्ये भली, केंद्र वाईट' किंवा त्याच्या उलट असा धडा काढणाऱ्यांची मला काळजी वाटते. मार्गारेटला वाचवू पाहणारे राज्य होते, तर चाय लंगला अडवणारेही राज्यच होते. चाय लंगला न्याय देणारे केंद्र होते आणि पंडितांचे नागरिकत्व काढायला निघालेलेही केंद्रच. नियम कोणाच्या बाजूचा नाही. तो एवढेच करतो, की माणसाला धरून नेण्यासाठी एका सत्तेची इच्छा पुरेशी होत नाही; दुसरीची मदत लागते आणि ती मागावी लागते.

ही मदत नाकारण्यालाही मर्यादा आहे. नकार म्हणजे संरक्षण नव्हे. १८५० नंतर केंद्राने स्वतःची माणसे पाठवली, तशी आजही पाठवते. शिवाय स्थानिक तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे गुन्ह्यांच्या नोंदींसाठी केंद्राकडे जातात आणि तिथून ते स्थलांतर खात्यालाही दिसतात. ते शेरीफने थांबवायचे म्हटले तरी थांबत नाहीत. पूर्वी तुरुंगाची किल्ली लोखंडाची होती, आता तिचा मोठा भाग संगणकात गेला आहे.

आपली मुलेबाळे, भाचे-पुतणे तिकडे गेलेले आहेत. त्यांच्याशी बोलताना आपण व्हिसाचे विचारतो, ग्रीन कार्डाचे विचारतो. ते कोणत्या काउंटीत राहतात आणि तिथला शेरीफ कोण, हे सहसा विचारत नाही. त्यांच्यापैकी जे नागरिक झाले आहेत, त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत उत्साह असतो. पण वर सांगितलेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा निर्णायक ठरले ते एखाद्या दंडाधिकाऱ्याचे पाऊल, एखाद्या शेरीफचा नकार, विधिमंडळापुढे गेलेला साठ हजार सह्यांचा अर्ज. लीहाय काउंटीनेही २०१४ च्या निकालानंतर आपले धोरण बदलले: नुसत्या विनंतीच्या कागदावर कोणाला कोठडीत ठेवायचे नाही. त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये काही बदलावे लागले नाही. काउंटीच्या सदस्यांनी मतदान केले, तेवढे पुरले.